हवाई बेटांतील पपई : एका रोगाचा व त्याच्या प्रतिकाराचा इतिहास

यान हुइगेन व्हान लिन्शोटेन हा डच गृहस्थ १५८३ सालीं गोव्यास आला व तेथील आर्चबिशपच्या पदरीं चिटणीस म्हणून सुमारें पांच वर्षें राहिला. पोर्तुगीजांच्या व्यापाराचीं गुपितें त्यानें बारकाईनें टिपून ठेवलीं, आणि स्वदेशीं परतल्यावर १५९६ सालीं तीं ग्रंथरूपानें जगापुढें मांडलीं. डच लोकांस पूर्वेची वाट दाखविणारा म्हणून हा ग्रंथ इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतो. परंतु त्यांत हिंदुस्थानांतील फळफळावळीचीहि हकीकत आहे, आणि पपई हें फळ स्पेनच्या ताब्यांतील अमेरिकेंतून फिलिपाइन्स व मलाक्का या मार्गानें इकडे आलें, असें तींत नमूद केलें आहे. ज्या झाडाला आज आपल्याकडील कोणतेंहि परस परकें मानीत नाहीं, तें त्या काळीं असें नवखें पाहुणें होतें. या पाहुण्याच्या मागोमाग देशोदेशीं गेलेल्या एका रोगाची, आणि त्या रोगावर निघालेल्या एका अपूर्व उपायाची हकीकत आम्हांस येथें सांगावयाची आहे. ती घडली मात्र पॅसिफिक महासागराच्या मध्यभागीं, हवाई बेटांत.

जनुकांत फेरफार केलेल्या पिकांचा विषय निघाला कीं आपल्याकडील सुशिक्षितांचे तत्काळ दोन तट पडतात. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली तेव्हां तसें झालें. २०१० सालीं बीटी वांग्याची लागवड स्थगित करण्यांत आली तेव्हां पुनः तेंच झालें. एक पक्ष म्हणतो, या विद्येवांचून भुकेल्यांस अन्न मिळणार नाहीं; दुसरा म्हणतो, बीजावर मालकी मिळविण्याचा हा व्यापाऱ्यांचा डाव आहे. हवाईच्या पपईचा दाखला दोघेहि देतात, आणि दोघेहि तो आपल्या सोयीपुरताच देतात. आम्ही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हों. परंतु एखादा उपाय कां लागू पडला हें समजून घ्यावयाचें तर तो कोणीं, केव्हां, कोणासाठीं व कोणत्या भूमीसाठीं केला, हें पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं, एवढें इतिहासाच्या अभ्यासानें आम्हांस शिकविलें आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. त्यास रिंगस्पॉट हें नांव हवाईंतील संशोधक जेन्सन यांनीं १९४९ सालीं दिलें. रोगट झाडाच्या फळांवर बांगडीसारखीं वलयें उमटतात, म्हणून हें नांव पडलें. पण वलयें हें मागाहूनचें लक्षण होय. आधीं शेंड्याकडील पानें पिवळीं-हिरवीं चितकबरी होतात, मग आक्रसून सुतळीसारखीं बारीक होतात. देंठांवर तेलकट रेघा दिसूं लागतात. झाड खुजें राहतें, फळ धरीत नाहीं, आणि धरलेंच तर त्यास गोडी नसते. या रोगाचें मूळ एक विषाणु आहे. प्रथिनाच्या आवरणांत गुंडाळलेला सुमारें दहा हजार अक्षरांचा एक लेख, असें त्याचें वर्णन करतां येईल. मावा नांवाच्या किड्याच्या सोंडेवर बसून हा लेख झाडोझाडीं फिरतो. गंमत अशी कीं, मावा पपईवर घर करीत नाहीं. तो उडतां उडतां बसतो, चव पाहण्यापुरती सोंड खुपसतो, आणि आवडलें नाहीं म्हणून पुढच्या झाडाकडे जातो. तेवढ्या क्षणांत काम होऊन जातें. औषध फवारून किडा मरेपर्यंत रोग लागून गेलेला असतो. एकदां लागला कीं झाड बरें होत नाहीं. तें उपटून टाकावें, म्हणजे निदान शेजारचें वांचण्याची आशा राहते.

हवाईंतील पपईचा धंदा सोलो या जातीवर उभा राहिला. ही जाति १९११ च्या सुमारास वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटांतून तिकडे गेली. एका माणसास एका बैठकीला पुरेल एवढेंच फळ, म्हणून सोलो, म्हणजे 'एकट्याची'. लागवड मुख्यतः ओआहू बेटांत, म्हणजे होनोलुलू शहर ज्या बेटावर आहे त्या बेटांत असे. १९४० नंतर तेथें रोग दिसला, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत त्यानें तेथील बागा धुळीस मिळविल्या. मग बागाईतदारांनीं बेटच बदललें. हवाई याच नांवाचें जें त्या समूहांतील सर्वांत मोठें बेट, त्याच्या पूर्वेच्या टोंकास पुना नांवाचा तालुका आहे. (नांवाच्या सारखेपणामुळें पुणेंकर वाचकांनीं दचकूं नये.) तेथें किलाउएआ ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्ह्यावर, जेथें माती जवळजवळ नाहींच अशा जागीं, खडक फोडून पपई लावण्यांत आली. पाऊस भरपूर आणि पाण्याचा निचरा उत्तम, त्यामुळें झाडें जोमानें वाढलीं. तेथील कापोहो या गांवावरून कापोहो नांवाची पिवळ्या गराची जाति प्रसिद्धीस आली. तें गांव मात्र १९६० सालीं लाव्ह्याखालीं गडप झालें. तरी बागा वाढतच राहिल्या, आणि १९९२ सालीं राज्यांतील एकंदर पपईपैकीं शेंकडा ९५ एकट्या पुना तालुक्यांत पिकत होती.

सर्व अंडीं एका टोपलींत ठेवूं नयेत हें शेतकऱ्यास कोणीं सांगावें लागत नाहीं. पण दुसरी टोपली नसली तर तो काय करणार? १९७० नंतर पुनापासून वीस मैलांच्या आंत असलेल्या हिलो शहरांत लोकांच्या परसांतील झाडांवर रोग सांपडला. राज्याच्या शेतकी खात्यानें माणसें नेमून घरोघर तपास चालविला आणि रोगट झाड दिसेल तेथें तोडलें. या पहाऱ्यामुळें वीस वर्षें पुना वांचलें. सरकारी खात्याचीं अशीं कामें इतिहासांत नोंदलीं जात नाहींत, कारण तीं यशस्वी झालीं असतां कांहींच घडत नाहीं.

याच काळांत डेनिस गोन्साल्व्हिस यांनीं या प्रश्नास हात घातला. गोन्साल्व्हिस हें आडनांव गोव्याच्या वाचकांस अपरिचित नाहीं. हवाईंतील उंसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठीं जीं पोर्तुगीज व चिनी कुटुंबें आणिलीं गेलीं, त्यांच्या आणि मूळच्या हवाईयन लोकांच्या मिश्र वंशांत हे जन्मले. कोहाला भागांतील साखरेच्या मळ्यावर लहानाचे मोठे झाले. आणि पुढें न्यूयॉर्क राज्यांतील कॉर्नेल विद्यापीठांत वनस्पतिरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९७८ सालीं त्यांनीं पपईच्या रोगाचा अभ्यास आरंभिला. तेव्हां पुनामध्यें रोग आलेला नव्हता. म्हणजे आगीचा बंब आग लागण्यापूर्वीं चौदा वर्षें तयार होऊं लागला, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व यशाचें बीज आमच्या मतें येथें आहे.

त्यांचा पहिला प्रयत्न जुन्या ओळखीच्या मार्गानेंच झाला. जेन्नरनें १७९६ सालीं गाईच्या देवींची लस टोंचून माणसाच्या देवी टाळण्याची युक्ति काढली, आणि १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानांतील पहिली लस टोंचण्यांत आली, हें सर्वश्रुत आहे. वनस्पतींना माणसासारखें रक्त नाहीं. तरीहि एका सौम्य विषाणूनें ग्रासलेल्या झाडास त्याच जातीचा उग्र विषाणु सहसा बाधत नाहीं, हें १९२९ सालीं मॅक्‌किनी यांनीं तंबाखूच्या झाडावर दाखविलें होतें. गोन्साल्व्हिस यांचे तैवानी सहकारी शी-डोंग येह यांनीं ओआहूमधील उग्र विषाणूवर नायट्रस आम्लाचा प्रयोग करून एक सौम्य विषाणु मिळविला. तो रोपांना टोंचून हवाई व तैवान या दोन्ही ठिकाणीं बागा लाविल्या गेल्या. थोडेंबहुत यश आलें. पण प्रत्येक रोप हातानें टोंचावें लागे, कांहीं जातींवर सौम्य विषाणूचेच डाग पडत, आणि तैवानांत तर उग्र रोगानें हें कुंपण अखेर ओलांडलें. ही वाट येथें खुंटली.

दुसरी वाट १९८५-८६ या दोन वर्षांत उघडली. रोगजंतूचेंच एक जनुक झाडाच्या बीजांत बसविलें तर तें त्या रोगजंतूच्या वाढींत बिब्बा घालील, अशी कल्पना सॅनफर्ड व जॉन्स्टन यांनीं १९८५ सालीं मांडली. पुढच्याच वर्षीं रॉजर बीची व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तंबाखूच्या मोझेइक विषाणूच्या आवरण-प्रथिनाचें जनुक तंबाखूच्या झाडांत घालून ती खरी करून दाखविली. गोन्साल्व्हिस यांनीं लागलीच तोच मार्ग धरिला. जेरी स्लाइटम यांनीं जनुकाची जुळणी केली. हवाई विद्यापीठांतील रिचर्ड मॅन्शार्ट व मॉरीन फिच यांनीं पपईच्या कोंवळ्या गर्भपेशी वाढविण्याचें चिकट काम अंगावर घेतलें. जनुक घेतलें तें त्याच पूर्वीच्या सौम्य विषाणूचें. म्हणजे फसलेला प्रयोग अगदींच वांया गेला नाहीं. तें पेशींत शिरवावें कसें? सॅनफर्ड यांनीं त्यासाठीं चक्क बंदूक तयार केली होती. टंगस्टन धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर जनुकाचा लेप द्यावयाचा आणि ते कण पेशींवर झाडावयाचे. आरंभींच्या बंदुकींत तर खरीं काडतुसेंच वापरीत. हजारों पेशी मरत, कांहींत कण नुसता अडकून राही, एखादींत जनुक रुजे. पुनाच्या बागाईतदारांची आवडती कापोहो जाति या प्रयोगास वश झाली नाहीं. तांबड्या गराच्या सनसेट जातींतून मात्र विषाणूला दाद न देणारा एक वंश हातीं आला. त्याला नांव नव्हतें, क्रमांक होता : ५५-१.

एप्रिल १९९२ मध्यें या वंशाचीं झाडें ओआहू बेटांतील वायमानालो येथील शेतांत लावण्यांत आलीं. मे १९९२ मध्यें पुना तालुक्यांतील पाहोआ येथें रोगट पपई सांपडली.

एका महिन्याचें हें अंतर कादंबरीकारानें कल्पिलें असतें तर वाचकांनीं त्यास हंसून सोडलें असतें. शेतकी खात्यानें पुनः तोडणी आरंभिली. पण ज्यांनीं बागा सोडून दिल्या होत्या त्यांचीं बेवारस झाडें रोगाचीं आगरें झालीं, आणि १९९४ अखेर रोग आवरण्याचा प्रयत्न सोडून देण्यांत आला. १९९२ सालीं पुनामध्यें सुमारें ५ कोटि ३० लक्ष पौंड पपई पिकली होती. १९९८ सालीं ती जवळजवळ निम्म्यावर आली. हे बागाईतदार मोठे मळेवाले नव्हते; त्यांत फिलिपाइन्समधून येऊन खंडानें जमीन कसणारे पुष्कळ होते. त्यांच्या दृष्टीनें निम्मे उत्पन्न म्हणजे घर सोडण्याची पाळी.

इकडे मॅन्शार्ट यांनीं ५५-१ पासून शुद्ध केलेल्या तांबड्या गराच्या 'सनअप' जातीचा कापोहोशीं संकर करून पिवळ्या गराची 'रेनबो' ही जाति सिद्ध केली. १९९५ सालीं कापोहो भागांत, रोगानें उजाड केलेल्या जमिनीवरच, तिची परीक्षा झाली. रेनबोचें विक्रीयोग्य उत्पन्न वर्षास एकरीं सव्वा लाख पौंडांच्या घरांत गेलें. शेजारच्या साध्या पपईचें पांच हजारांच्या आसपास राहिलें. हिरव्यागार चौकोनाभोंवतीं पिवळ्या मरतुकड्या झाडांची चौकट, असें तें विमानांतून घेतलेलें छायाचित्र पुढें जगभर छापलें गेलें.

यापुढचा भाग शास्त्राचा नसून कायद्याचा आहे, आणि उत्साही लेखक तो बहुधा गाळतात. अमेरिकेंतील तीन सरकारी खात्यांच्या तपासण्या १९९६ व १९९७ या वर्षांत पार पडल्या. खाणाऱ्याच्या प्रकृतीविषयींच्या शंकेस गोन्साल्व्हिस यांचें उत्तर साधें होतें : रोगट पपई लोक पिढ्यान्पिढ्या खात आले आहेत, आणि या विषाणूचें आवरण-प्रथिन तींत नव्या पपईहून कितीतरी अधिक असतें. पण खरी अडचण पुढेंच होती. पपई सार्वजनिक विद्यापीठांनीं निर्मिली खरी, तथापि तिच्यांत वापरलेल्या एकेका युक्तीचे मालक निराळे होते. मोन्सँटो, अ‍ॅस्ग्रो, कॅम्बिया व मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालय या चौघांची परवानगी मिळाल्यावांचून एक बींहि वाटतां येत नव्हतें. बागाईतदारांच्या पपई समितीनें वाटाघाटी करून एप्रिल १९९८ पर्यंत ती मिळविली, आणि १ मे १९९८ पासून बीं फुकट वाटलें. मोठ्या कंपन्यांनीं एवढें औदार्य कां दाखविलें? आमचा तर्क असा कीं, हवाईची पपई ही त्यांच्या हिशेबीं इतकी क्षुल्लक बाब होती कीं तींत मिळवावयाचें फारसें कांहीं नव्हतें. आणि परवान्यांत अटहि होतीच : या पपईची लागवड हवाईबाहेर करावयाची नाहीं. तेव्हां जे म्हणतात कीं या कथेंत कंपन्या नाहींतच, त्यांचें म्हणणें खरें नाहीं. आणि जे म्हणतात कीं असें प्रत्येक बीं शेतकऱ्याच्या गळ्यांतील फांस होय, त्यांनीं त्या १ मेच्या वांटपाकडे डोळेझांक करूं नये.

बागा पुनः उभ्या राहिल्या. जपानमध्यें मात्र ही पपई चालेना. हवाईच्या पपईचें तें मोठें गिऱ्हाईक. त्यानें २०११ च्या डिसेंबरपर्यंत रेनबोस दार उघडलें नाहीं. तोंवर जपानसाठीं साधी कापोहोच पिकवावी लागे, आणि ती पिकूं शकली याचें एक कारण मोठें मौजेचें आहे. सभोंवतीं रेनबोच्या बागा झाल्यामुळें विषाणूला राहावयास जागा उरेना, आणि त्या आडोशानें साधी पपईहि वांचली. दुसऱ्या बाजूनें, रेनबोचे परागकण आपल्या बागेंत येऊन आपलें बीं बाटतें, अशी सेंद्रिय शेती करणाऱ्यांची तक्रार होती. ती निराधार नव्हती. वादास पुढें कडवट रूप आलें. २०१० सालीं पुना भागांत हजारों झाडें रातोरात तोडून टाकण्यांत आलीं. २०१३ सालीं हवाई बेटाच्या स्थानिक सरकारनें जनुक बदललेल्या नव्या पिकांस बंदी करणारा कायदा केला, पण त्यांतून पपई वगळली. शेजाऱ्याच्या पोटावर प्रत्यक्ष पाय देण्याची वेळ आली कीं तत्त्वास अशी मुरड घालावी लागते. तो कायदाहि पुढें न्यायालयांत टिकला नाहीं.

आतां या उपायाच्या मर्यादेकडे वळूं. आरंभीं समजूत अशी होती कीं, झाडांत तयार झालेलें आवरण-प्रथिन विषाणूस अडवितें. मागाहून ध्यानांत आलें कीं, प्रथिनाचें काम येथें जवळजवळ नाहींच. झाडाच्या पेशी त्या जनुकाचा लेख ओळखतात, आणि तसल्या मजकुराचा कोणताहि लेख आंत आला कीं त्याचे तुकडे करतात. म्हणजे झाडापाशीं शत्रूचें हस्ताक्षर ठेवलेलें असतें. हस्ताक्षर जुळलें तर शत्रु पकडला जातो. पुरेसें जुळलें नाहीं तर तो निसटतो. रेनबोपाशीं असलेलें हस्ताक्षर हवाईच्या विषाणूचें आहे. थायलंड, तैवान आदि देशांतील विषाणु तिला ग्रासूं शकतात. परवान्यांतील अट नसती तरी निसर्गानें हीच अट घातली असती.

म्हणून ज्याच्या त्याच्या देशानें आपापली पपई घडविणें प्राप्त होतें. थायलंडनें तसा प्रयत्न केला. तेथें कच्च्या पपईची कोशिंबीर हें रोजचें खाणें; थाई शास्त्रज्ञांनीं कॉर्नेलशीं सहकार्य करून थाई विषाणूचें जनुक थाई जातींत घातलें, आणि खोन केन येथील सरकारी शेतांत तिची लागवड केली. २००४ सालीं ग्रीनपीसच्या माणसांनीं त्या शेतांत शिरून निदर्शनें केलीं. तेथील बीं शेतकऱ्यांच्या हातीं आधींच गेल्याचें उघड झालें. सरकार गडबडलें आणि झाडें नष्ट करण्यांत आलीं. यांत निदर्शकांचा अतिरेक होता तसाच सरकारी शेताचा गाफीलपणाहि होता. हवाईंत पहारा आधीं आला व बीं मागून; थायलंडांत हा क्रम उलटला. तैवानांत येह यांनीं तेथील विषाणूचें जनुक घालून उत्तम झाडें तयार केलीं, पण प्रयोगाच्या शेतांत त्यांवर पपईचाच दुसरा, निराळा विषाणु चढला. तैवानी बागाईतदार मावा आंत येऊं नये म्हणून जाळीच्या मांडवाखालीं पपई लावतात. त्याच बेटांतलें बियाणें आज आपल्या खानदेशांत, शहादें-नंदुरबारकडे, 'तैवान' याच नांवानें ओळखलें जातें, आणि तेथील बागाईतदारांस वलयें पडलेल्या फळांची ओळख करून द्यावी लागत नाहीं.

हिंदुस्थानांत जनुक बदललेल्या पपईस लागवडीची परवानगी मिळालेली नाहीं. पुण्याच्या संशोधन केंद्रांत रोग सोसणाऱ्या झाडांची निवड करण्याचें काम नेहमींच्या पद्धतीनें चालत आलें आहे. त्यांत अडचण मोठी : आपल्याकडील विषाणूचीं रूपें प्रांतागणिक वेगळीं आहेत, आणि जो उपाय शहाद्यास लागू पडेल तो दुसऱ्या प्रांतांत पडेलच असें नाहीं. जेन्सन यांनीं हवाईंत रोगास नांव दिलें १९४९ सालीं. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९४८ सालीं, कपूर व वर्मा या दोघा संशोधकांनीं मुंबई प्रांतांतील पपईवर पडणाऱ्या मोझेइक रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. आरंभ दोन्हीकडे बरोबरच झाला होता. फरक पडला तो पुढील पन्नास वर्षांत. त्याचें कारण आम्हांस बुद्धीच्या उणिवेंत दिसत नाहीं. एकच माणूस एकाच झाडामागें वीस वर्षें लागून राहिला, आणि त्याला तसें राहूं देण्यांत आलें, यांत तें दिसतें.

२०१८ च्या मे महिन्यांत किलाउएआ पुनः फुटला. जूनच्या आरंभीं लाव्ह्यानें कापोहोचा किनारा गिळला, आणि भोंवतालच्या पपईच्या कित्येक बागा त्याखालीं गेल्या.